पायात उतरणारी कळ, मूळ ओटीपोटात

कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीत, कधी थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली की आपल्याकडे निदान घरातच होतं: गादी सरकली, नस दबली. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. या दुखण्याच्या, म्हणजे सायटिकाच्या, दहातल्या आठ-नऊ रुग्णांमध्ये दोष कंबरेच्या मणक्यांमधल्या गादीचाच असतो. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी ऑपरेशन केलेल्या रुग्णांच्या आधारे सरकलेली गादी नसांच्या मुळांवर दाब आणते हे दाखवून दिलं. तेव्हापासून सायटिका म्हणजे मणक्याचं दुखणं, हे समीकरण डॉक्टरांच्याही डोक्यात पक्कं बसलं.

हा लेख उरलेल्या एक-दोघांसाठी आहे. बेल्ट बांधून झाला, ट्रॅक्शन झालं, गोळ्या झाल्या, एखाद्याचं तर मणक्याचं ऑपरेशनही झालं, पण कळ जिथल्या तिथे. अशा रुग्णाला शेवटी ‘रिपोर्टमध्ये काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं ऐकावं लागतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं. कारण बऱ्याचदा रिपोर्ट खोटा नसतो. ज्या जागेचा तो असतो, दुखणं त्या जागेत नसतं.

सायटिक नस ही शरीरातली सगळ्यांत जाड नस. (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे.) उगमापाशी ती जवळपास २ सेंटिमीटर रुंद असते. कंबरेचे खालचे दोन मणके आणि त्याखालचं त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचं पसरट हाड, यांतून निघणारी मुळं (डॉक्टर त्यांना एल ४ ते एस ३ म्हणतात) एकत्र येऊन ती बनते. ही मुळं एकत्र येतात ती पाठीत नव्हे. पेल्व्हिस म्हणजे ओटीपोटाची जी हाडांची पोकळी आहे, तिच्या मागच्या भिंतीवर ती येऊन मिळतात. तिथे पिरिफॉर्मिस नावाचा एक स्नायू अंथरलेला असतो आणि त्याच्यावर या मुळांची जाळी पसरलेली असते. तिच्या पुढ्यात मोठ्या रक्तवाहिन्या, त्यांच्यापुढे गुदाशय, आणि स्त्रियांमध्ये गर्भपिशवी आणि अंडाशय. मग ही नस पेल्व्हिसच्या मागच्या बाजूच्या एका खिडकीतून, पिरिफॉर्मिसच्या खालून, कुल्ल्यात उतरते आणि बसायच्या हाडाच्या बाजूने मांडीत जाते.

आता कंबरेचा एमआरआय काय दाखवतो ते पाहा. तो मणके दाखवतो, गाद्या दाखवतो, आणि त्रिकास्थीच्या वरच्या भागापाशी संपतो. त्यापुढचा नसेचा सगळा प्रवास, म्हणजे पेल्व्हिसची भिंत, ती खिडकी, कुल्ला, या चित्रात जवळजवळ नसतोच. नळाला पाणी येत नाही म्हणून टाकी तपासावी, ती भरलेली दिसावी, आणि मधल्या पाइपाकडे कुणी बघूच नये, असा हा प्रकार होतो.

याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. एमआरआयमध्ये गादी थोडी फुगलेली दिसते आणि सगळं खापर तिच्यावर फुटतं. २०१५ मध्ये एका मोठ्या आढाव्यात, कसलाही त्रास नसलेल्या माणसांचे रिपोर्ट एकत्र करून पाहिले गेले. विशीतल्या ३० टक्के निरोगी लोकांमध्ये गादी फुगलेली होती, ऐंशीच्या घरात ८४ टक्के लोकांमध्ये. थोडक्यात, रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ लिहिलं आहे एवढ्यावरून तीच कळ आणते आहे असं ठरत नाही. रिपोर्टमध्ये दबलेलं दिसणारं नसेचं मूळ आणि पायातल्या कळेची वाट जुळायला हवी. जुळत नसेल तर थांबून पुन्हा विचार करायला हवा.

पाळीच्या तारखेला येणारा सायटिका

पेल्व्हिसमधल्या कारणांपैकी ज्याच्याविषयी सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं ते एंडोमेट्रिओसिसचं. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं ऊतक या आजारात भलत्याच ठिकाणी रुजतं: अंडाशयावर, आतड्यावर, ओटीपोटाच्या भिंतीवर. प्रजननाच्या वयातल्या साधारण दर दहा स्त्रियांपैकी एकीला हा आजार असतो. त्यांतल्या अगदी थोड्या जणींमध्ये हे ऊतक सायटिक नसेपर्यंत किंवा तिच्या मुळांपर्यंत पोचतं. पाळीच्या हार्मोनांना ते प्रतिसाद देतं, सुजतं, त्यात रक्तस्राव होतो, आणि नस दर महिन्याला चेपली जाते. पुढे तिथे व्रण धरतो आणि नस त्यात जखडून जाते.

१९५५ साली डेन्टन आणि शेरिल या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हा प्रकार नीट मांडला. म्हणजे वैद्यकशास्त्राला तो ठाऊक होऊन सत्तर वर्षं झाली. तरी आजही रुग्णाला त्याचं नाव कळायला वर्षं जातात.

त्याची चाल ओळखण्यासारखी असते. कळ पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते, पाळीत वाढते, नंतर काही दिवस रेंगाळते आणि मग जाते. मधले दोन आठवडे बाई ठणठणीत. काही महिन्यांनी, काही वर्षांनी मधले चांगले दिवस कमी होत जातात आणि शेवटी कळ कायमची मुक्काम करते. या टप्प्यावर डॉक्टरांकडे गेलं तर महिन्याचा तो ताल लपून गेलेला असतो. म्हणून ‘आता कधी दुखतं’ यापेक्षा ‘सुरुवातीला कधी दुखायचं’ हा प्रश्न जास्त मोलाचा. हा त्रास उजव्या पायात जास्त आढळतो. डावीकडे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळसा पेल्व्हिसच्या भिंतीवर पडदा धरतो आणि ऊतक तिथे रुजायला जागा कमी मिळते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

इथे एक सावधगिरी. पाळीत कंबर दुखणं, पाय भरून येणं हे असंख्य जणींना होतं. गादीच्या दुखण्याचीही पाळीत थोडी भर पडते. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. लक्ष द्यायचं ते एकाच पायात, नसेच्या वाटेने जाणाऱ्या कळेकडे. सोबत पायात मुंग्या, बधिरपणा, पाऊल उचलताना अडखळणं, पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखणं, संबंधांच्या वेळी दुखणं, मूल होण्यात अडचण, यांपैकी काही असेल तर संशय पक्का होतो.

मग हे निदान इतकं का चुकतं? माझ्या मते, बाई ज्या दोन दारांत जाते त्या दोन्ही ठिकाणी प्रश्न अर्धाच विचारला जातो. हाडांचे डॉक्टर पाळीबद्दल विचारत नाहीत. आणि समोर पुरुष डॉक्टर, सोबत सासू किंवा दीर, अशा वेळी ती स्वतःहून सांगत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ पोटाबद्दल विचारतात, पायाबद्दल नाही. तिलाही वाटतं, पायाचं दुखणं इथे काय सांगायचं? सोनोग्राफी होते, गर्भपिशवी आणि अंडाशय ठीक दिसतात, आणि फाइल बंद होते. नसेपाशी, पोटाच्या पडद्यामागे दडलेली गाठ साध्या सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. दुर्बिणीच्या तपासणीतही वरवर पाहिलं तर ती सुटू शकते, कारण पडदा उघडल्याशिवाय नस दिसतच नाही.

निदानाला पेल्व्हिसचा एमआरआय लागतो, आणि तो करताना सायटिक नस आणि तिची मुळं पाहायची आहेत हे रेडिओलॉजिस्टला आधी सांगावं लागतं. उपचारांत पाळी दाबून ठेवणारी हार्मोनची औषधं देतात. त्यांनी कळ आटोक्यात आली तर त्यातूनही निदानाला बळ मिळतं. पायाची ताकद जाऊ लागली असेल तर मात्र औषधांवर वाट पाहत बसणं धोक्याचं. तिथे दुर्बिणीने नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया करतात. पेल्व्हिसमधल्या नसांवर अशा शस्त्रक्रिया करण्याची एक वेगळी शाखाच गेल्या काही वर्षांत उभी राहिली. स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ मार्क पोसोव्हर यांनी तिला न्यूरोपेल्व्हिओलॉजी असं नाव दिलं. हे काम प्रत्येक दुर्बीण-शल्यविशारदाचं नाही. नसेच्या इतक्या जवळ हात घालण्याचा अनुभव आहे का, हे आधी मोकळेपणाने विचारावं.

स्नायू: खरा आरोपी की सोयीचा?

पिरिफॉर्मिसचं नाव मात्र आता घराघरांत पोचलं आहे. व्यायामाच्या व्हिडिओंमुळे कुल्ल्यातलं प्रत्येक दुखणं पिरिफॉर्मिसचं असं लोकांना वाटू लागलं आहे. हा स्नायू आखडला, सुजला, किंवा पडल्याने तिथे मार बसला तर खालून जाणारी नस दबते, ही कल्पना १९२८ साली येओमन या डॉक्टरांनी मांडली आणि ‘पिरिफॉर्मिस सिंड्रोम’ हे नाव १९४७ मध्ये रूढ झालं.

काही माणसांमध्ये नस स्नायूच्या खालून न जाता तिचा एक भाग स्नायूला भेदून जातो. पूर्वी वाटायचं, यांनाच त्रास होत असणार. पण २०१० मध्ये सहा हजारांहून जास्त मृतदेहांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा अशी वेगळी रचना सुमारे १७ टक्के लोकांत निघाली आणि पिरिफॉर्मिससाठी ऑपरेशन झालेल्या रुग्णांतही प्रमाण जवळपास तेवढंच होतं. रचना वेगळी म्हणून दुखणं, हा तर्क त्यामुळे लंगडा पडला. हल्ली डॉक्टर ‘डीप ग्लूटियल सिंड्रोम’ असं व्यापक नाव वापरतात, कारण कुल्ल्याच्या खोल भागात नसेला पकडणारे इतरही असतात: चिवट पट्टे, शेजारचे छोटे स्नायू, मांडीच्या मागच्या स्नायूचा वरचा दोर.

यात दुखणं मुख्यतः कुल्ल्यात असतं, कंबरेत फारसं नसतं. बसलं की वाढतं, विशेषतः कडक बाकावर. रिक्षा, ट्रक, एसटी चालवणारे, तासन्‌तास मोटरसायकलवर असणारे, मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून बसणारे यांच्यात ते दिसतं. पाकीट काढून ठेवणं हा खरोखर उपचार आहे. काहींचं तेवढ्याने भागतं. बाकीच्यांना फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ताणाचे व्यायाम आणि गरज पडल्यास सोनोग्राफीखाली पाहून दिलेलं इंजेक्शन उपयोगी पडतं. हे निदान ठोस ठरवणारी एकही चाचणी नाही. म्हणून इतर कारणं नाकारल्यावरच ते करावं, आणि तीन महिने नीट व्यायाम करून फरक नसेल तर तेच नाव कवटाळून बसू नये.

कुल्ल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो: ‘सुई मारा, लवकर बरं वाटेल’ हा आपला हट्ट नसेला महागात पडू शकतो. कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेलं इंजेक्शन थेट सायटिक नसेत जातं. वीज चमकल्यासारखी कळ लगेच पायात उतरते आणि काही वेळा पाऊल लोंबतं. लहान, कृश मुलांना हा धोका जास्त. म्हणूनच तान्ह्या मुलांना लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात.

रक्तवाहिन्या, गाठी आणि पू

पेल्व्हिसमधल्या फुगलेल्या शिरा नसेच्या मुळांवर रेलू शकतात. गरोदरपणात किंवा अनेक बाळंतपणांनंतर हे घडतं. वयस्क माणसांमध्ये, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये, पेल्व्हिसमधली मोठी धमनी फुग्यासारखी फुगून नस दाबते. हे दुर्मीळ आहे, पण फुटली तर जिवावर बेतते. त्याहून विरळ एक प्रकार आहे. गर्भात असताना पायाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी सायटिक नसेच्या सोबतीने जाते. पुढे मांडीच्या पुढची धमनी ते काम हाती घेते आणि जुनी आक्रसते. साधारण अडीच ते चार हजारांत एकाच्या शरीरात ती तशीच राहते, आणि उतारवयात कुल्ल्यात फुगू शकते. कुल्ल्यात धडधडणारी गाठ हाताला लागली तर तिथे मालीश, शेक, इंजेक्शन काहीही करू नका. आधी रक्तवाहिन्यांची तपासणी.

गाठींमध्ये नसेच्या आवरणाची साधी गाठ, चरबीची गाठ, मोठे फायब्रॉइड (गर्भपिशवीच्या स्नायूतल्या साध्या गाठी), अंडाशयाच्या मोठ्या गाठी येतात. फायब्रॉइड तर अनेकींना असतात. त्यामुळे फायब्रॉइड आहे आणि पाय दुखतो म्हणून गर्भपिशवी काढून टाका, या सल्ल्याला लगेच होकार देऊ नये. गाठ नसेवर खरंच दाब देते आहे हे चित्रात दिसायला हवं.

कर्करोगाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. गर्भपिशवीच्या मुखाचा कर्करोग हा भारतात स्त्रियांमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा. उपचार होऊन गेलेल्या बाईला काही वर्षांनी एका पायात कळ, त्याच पायावर सूज आणि त्याच बाजूच्या मूत्रपिंडाला सूज, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर आजार पेल्व्हिसच्या भिंतीवर परतला असावा, असा संशय डॉक्टर सर्वप्रथम घेतात. गुदाशयाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगातही नसांची ही जाळी सापडू शकते. कर्करोगाचं दुखणं बहुधा आधी येतं आणि अशक्तपणा काही आठवड्यांनी. रात्री झोपल्यावर वाढणारी, कुठल्याच कुशीवर न थांबणारी कळ, कमी होणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग: यांपैकी एक जरी असेल तरी कंबरेचा साधा एमआरआय पाहून समाधान मानू नये.

आपल्या देशात क्षयरोगाला विसरून चालत नाही. तो फुप्फुसापुरता राहत नाही. मणक्यातून पू स्नायूंच्या वाटेने पेल्व्हिसमध्ये उतरतो, त्रिकास्थी आणि खुब्याचं हाड यांमधल्या सांध्यातही क्षय होतो, आणि दोन्ही ठिकाणी कळ सायटिकासारखी भासते. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं ही सोबतची लक्षणं. बाळंतपणानंतर काही दिवसांतच ताप आणि एका कुल्ल्यात असह्य ठणका आला तर त्या सांध्यात किंवा पिरिफॉर्मिसमध्ये पू झाला नाही ना, हे तातडीने पाहावं लागतं.

बाळंतपणाचा आणखी एक परिणाम आहे. अडलेल्या, लांबलेल्या प्रसूतीत बाळाचं डोकं पेल्व्हिसच्या काठावरून जाणाऱ्या नसेच्या मुळांना हाडावर दाबतं. ठेंगण्या बांध्याच्या आईत आणि मोठ्या बाळाच्या वेळी हे जास्त घडतं. नंतर उठून चालताना पाऊल उचलत नाही. कमरेत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनवर लगेच आळ येतो, पण अनेकदा कारण बाळाच्या डोक्याचा दाब हे असतं. बहुतेक जणी काही आठवड्यांत-महिन्यांत बऱ्या होतात.

मणका की पेल्व्हिस, कसं कळतं?

खोकल्याने, शिंकेने, पुढे वाकल्याने वाढणारं दुखणं मणक्याकडे बोट दाखवतं. कळ एका ठरावीक पट्ट्यात जात असेल तरीही. उलट कंबर मोकळी आहे, पण पायात एकाहून जास्त मुळांचा त्रास आहे, शिवाय जांघेत, गुप्तांगाच्या आसपास, गुदद्वारापाशी दुखतं किंवा लघवीला वारंवार जावं लागतं, तर पेल्व्हिसचा विचार व्हावा, कारण त्या भागांच्या नसा त्याच जाळीतून निघतात. पाय सरळ वर उचलायची चाचणी दोन्हींत दुखू शकते, तिच्यावर निर्णय होत नाही.

ईएमजी आणि एनसीव्ही या नसांच्या तपासण्या इथे चांगली मदत करतात. दाब मणक्यापाशी असेल तर पाठीच्या कण्यालगतचे स्नायूही बिघाड दाखवतात, कारण त्यांची फांदी मुळातून लगेच फुटते. दाब पुढे पेल्व्हिसमध्ये असेल तर ते स्नायू निर्दोष असतात आणि पायातल्या संवेदनेच्या नसा मंद पडलेल्या दिसतात. ही तपासणी त्रास सुरू झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी करावी, त्याआधी ती नॉर्मल येऊ शकते. गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून बोटाने केलेल्या तपासणीतही मोठी माहिती मिळते, कारण पिरिफॉर्मिस आणि नसेची मुळं तिथून बोटाखाली येतात. लाजेने ही तपासणी टळते, रुग्णाकडूनही आणि डॉक्टरांकडूनही. स्त्री डॉक्टर किंवा सोबत परिचारिका मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

डॉक्टरांकडे जाताना दोन-तीन महिन्यांच्या तारखा लिहून न्या: कळ कधी आली, किती दिवस राहिली, पाळी कधी होती, बसून वाढली की उभं राहून. पूर्वीची ऑपरेशनं, कर्करोग, क्षय, बाळंतपणं हेही लिहा. कंबरेचा एमआरआय स्वच्छ असेल तर ‘पेल्व्हिस आणि सायटिक नसेचा एमआरआय करावा का?’ असं थेट विचारा.

घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तो भाग (मांड्यांच्या मध्ये, गुप्तांग आणि गुदद्वाराच्या आसपास) बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, दोन्ही पाय एकदम लुळे वाटू लागले, तर मात्र तारखा लिहीत बसू नका. त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं.

घाईचं कारण नसेच्या स्वभावात आहे. इजा झालेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. पेल्व्हिसपासून पावलापर्यंतचं अंतर मोठ्या माणसात जवळजवळ १ मीटर. आणि नसेवाचून राहिलेला स्नायू दीड-दोन वर्षांनंतर पुन्हा उभारी धरण्याची शक्यता फार कमी होत जाते. म्हणून पाऊल लोंबू लागलं असेल तर कारण शोधणं आठवड्यांत व्हावं, वर्षांत नाही. तोवर पाऊल वर धरणारी पट्टी लावावी म्हणजे ठेचकाळून पडणं टळतं आणि घोटा आखडत नाही. फिजिओथेरपीही निदान होण्याची वाट न पाहता सुरू करता येते.